शंभर फील्ड बघणारी नजर

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात दिवाळीनंतर कोयते, म्हणजे मजुरांच्या जोड्या, ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सोबत कुणाचा तरी हटत नसलेला खोकला येतो. सरकारी दवाखान्यात लॅबवाला डबी देऊन बजावतो, “मावशी, लाळ नको. खोल दम घ्या अन् आतून खोकून बेडका काढा.”

पुढचं काम मी जवळून बघितलं आहे. बेडका काचेवर पातळ पसरून वाळवतात. त्यावर कार्बोल फुक्सिन ओतून वाफ निघेपर्यंत आच देतात, उकळू मात्र देत नाहीत. पाच मिनिटांनी स्लाईड धुऊन 25 टक्के सल्फ्युरिक ॲसिड, शेवटी मिथिलीन ब्लू. मायक्रोस्कोपखाली निळ्यात लाल बारीक काड्या दिसल्या की क्षयरोग. ‘निगेटिव्ह’ लिहायचं तर निदान 100 फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारे स्लाईडचे 100 भाग, नजरेखालून घालावे लागतात. रांग वाढली म्हणून तिसाव्या फील्डला उठलं, तर मावशी आजार घेऊनच घरी जाते.

ही नजर लॅब तंत्रज्ञांच्या डीएमएलटी किंवा बीएससीच्या वर्गात घडते आणि सरावाने टिकते. म्हणूनच क्षयरोग कार्यक्रमात काही स्लाईड अधूनमधून, आधीचा निकाल झाकून, दुसऱ्याकडून तपासून घेतात.

पारखलं जाण्याचा हा धाक बाहेरच्या देशांत माणसाच्या नोंदणीलाच बांधलेला असतो. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या व्यावसायिक परिषदेच्या नोंदणीशिवाय ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. नोंदणीचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी. अमेरिकेत एएससीपी या संस्थेचं प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांनी नव्या शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात, पण सरकारी परवाना मोजक्याच राज्यांत सक्तीचा आहे. दुबईला लॅबच्या कामासाठी जाणाऱ्या आपल्या मुलांच्या पदव्यांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते आणि परीक्षाही द्यावी लागते.

आपल्याकडे 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. प्रयोगशाळा तंत्रज्ञ त्याच्या कक्षेत आहेत. अभ्यासक्रमाचा दर्जा ठरवणं आणि नोंदवही ठेवणं, ही कामं त्यात आली.

पण नोंदवहीत एकदा नाव चढवून भागणार नाही. ठरावीक वर्षांनी प्रत्येकाला पुन्हा मायक्रोस्कोपवर बसवून पारखलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याला पगारी रजा व जिल्ह्यातच प्रशिक्षण मिळालं पाहिजे. दुबईच्या रुग्णासाठी जी पारख होते, ती ऊसतोड मजुरासाठीही व्हायलाच हवी.