पत्त्यांचं गणित – भाग 7 : राण्यांची जोडी टाकायची की नाही?

तीन पत्तीत हाती आलेली पानं शेवटपर्यंत तीच राहतात. जोडी आली की ती जोडीच. आमच्या जांभूळ-बदलापूरच्या पट्ट्यात दिवाळीच्या डावात बसलेला माणूस याच सवयीने पोकरकडे येतो आणि मोठी जोडी दिसली की ती तयार हात समजतो. पण टेक्सस होल्डेममध्ये ती सात पानांपैकी दोनच असतात. पाच अजून उघडायची असतात.

त्यात 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. मोबाईलवर शिकलेला खेळाडू पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर बसला, की त्याला आधी वेगाचा फरक जाणवतो. पत्ते माणूस पिसतो, माणूस वाटतो. तासाला पंचवीस-तीस डाव होतात. राण्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, म्हणजे साधारण आठ तासांनी. इतकी वाट पाहिल्यावर ती टाकायला हात धजत नाही, आणि लाइव्ह टेबलावरचं मोठं नुकसान मला इथेच दिसतं.

एक हिशेब करू. ब्लाइंड 100 आणि 200 रुपयांचे. पहिल्या जागेवरच्या खेळाडूने 800 केले, तुम्ही राण्यांवर 2,500 केले, बाकीचे पॅक झाले. आता तो 20,000 चा ऑल-इन करतो. तुम्हाला आणखी 17,500 घालायचे आहेत आणि पॉट होणार 40,300 चा. म्हणजे जिंकण्याची शक्यता किमान 43 टक्के हवी.

आता तो कशावर ऑल-इन करेल? फक्त एक्के, राजे किंवा एक्का-राजा असेल, तर राण्यांची शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास. टाका. एक्का-राजावरही तो इतकं लावत नसेल, तर ती 20 टक्क्यांच्याही खाली जाते. पण तोच माणूस गुलाम आणि दश्शांच्या जोडीवरही सगळं लावणारा असेल, तर राण्या पन्नाशी ओलांडतात आणि पैसे घालायलाच हवेत. पानं तीच, रक्कम तीच. बदलला तो समोरचा माणूस.

म्हणून पत्ते नसताना टेबलाकडे बघा. दोन तासांत त्याने किती वेळा रेज केलं? शोला काय दाखवलं? हात थरथरतो का, यावर मी फारसा भर देत नाही. थरथरला तर नवख्याच्या बाबतीत तो बहुधा चांगल्या पानांचा असतो, भीतीचा नव्हे.

राजांचं काय? वरच्याच हिशेबात, एक्के, राजे आणि एक्का-राजा इतक्याच पानांसमोर राजांची जोडी 47 टक्क्यांच्या आसपास राहते. कारण दोन राजे तुमच्याच हातात असल्याने त्याच्याकडे एक्का-राजा असण्याच्या जोड्या 16 वरून 8 वर येतात, आणि ज्या असतील त्या तुमच्या मागेच असतात. नऊ जणांच्या टेबलावर तुमच्याकडे राजे असताना दुसऱ्या कुणाकडे एक्के असण्याची शक्यता सुमारे 4 टक्के. राजे टाकावेत ते फक्त एक्क्यांवरच सगळं लावणाऱ्या माणसासमोर, आणि तेही चिपा खोल असताना. असा माणूस क्वचितच भेटतो.

एक्का-राणीचा हात याच्या उलट. रेजवर रेज आला की तो बेधडक टाका. समोर एक्का-राजा निघाला तर तुमच्याकडे चारातला जेमतेम एक डाव उरतो.