पुंजणे आतून तापते तेव्हा

दिवाळीनंतर दोन रात्री पाऊस झाला. बांधीतल्या धानाच्या कडपा भिजल्याच, पण आईला घोर लागला होता तो पेंढ्या रचलेल्या पुंजण्याचा. वरून ते सुकलेले दिसत होते. तिने कोपरापर्यंत हात आत खुपसला नि लगेच बाहेर ओढला. "आतून तापलं," एवढंच म्हणाली.

मधली एक पेंढी मी उपसून काढली. कोमट वाफ आली, कुबट वास आला. लोंबीतले दाणे एकमेकांना चिकटलेले; त्यांवर हिरवट-पिवळी भुकटी, फुंकर मारली की उडणारी. सिंदेवाहीकडे अशा धानाला "पाखड झाला" म्हणतात. व्यापारी भाव पाडतो, म्हणून आपण हळहळतो. मला भीती वाटते ती त्या भुकटीची.

ओला दाणा श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि पाणी सुटते. दाबून रचलेल्या पुंजण्यातून दोन्ही बाहेर पडत नाहीत आणि बुरशीला हवी तशी ऊब आयती मिळते. तिच्या अनेक जातींत एक ॲस्परजिलस फ्लेव्हस. ती तयार करते ते अफ्लाटॉक्सिन थेट यकृतावर घाव घालते. त्याने कर्करोगही होतो. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. ती आपल्यासारखीच जंगलाकडेची गरीब माणसे होती.

धानाला टरफलाचे कवच असते, त्यामुळे मक्या-भुईमुगाइतका धोका त्याला नाही. पण धुतल्याने भुकटी जाते, विष राहते. शिजवूनही ते पुरते मरत नाही. कोंड्यातून गाईच्या पोटात गेले, तर दुधात उतरते. म्हणून काळे-हिरवे दाणे "ढोरांना घालू" म्हणणे मला पटत नाही. आई कोंबड्यांना टाकायला निघाली होती. सांगितल्यावर थबकली आणि त्या पेंढ्या तिने खतखड्ड्यात टाकल्या.

उरलेले पुंजणे आम्ही मोडले. चुरून दाणा ताडपत्रीवर पातळ पसरला, तासातासाला पायाने सऱ्या ओढत उलथला. जाड थर वरून वाळतो, खाली घाम धरतो. भर दुपारी मात्र रास सावलीत ओढली, कारण एकदम कडक ऊन लागले की दाणा आत तडकतो आणि गिरणीत कणी निघते. एचएमटीसारख्या बारीक धानाला तर हे मुळीच सोसत नाही.

खरेदी केंद्रावर १७ टक्के ओलावा चालतो. ढोलीत महिनोन्महिने ठेवायला तो १४ च्या आत हवा. आमच्याकडे मापयंत्र नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान आणि तव्यावर भाजून गार केलेले चमचाभर मीठ घालून हलवले. मीठ काचेला चिकटले, म्हणजे ओलावा साधारण १५ च्या वर.

तिसऱ्या दिवशी मीठ काचेवरून सरसर खाली आले. तरी आईने आणखी एक ऊन दिलेच, मग ढोली भरली.