संत गोन्सालो गार्सिया : वसईचे दुभाषी धर्मबंधू

प्रस्तावना

वसईत सुमारे १५५६ मध्ये जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे कॅथलिक पंथाचे संत आणि रक्तसाक्षी (हुतात्मा) मानले जातात. ते धर्मगुरू मात्र नव्हते. ते धर्मबंधू, म्हणजे ‘ब्रदर’ होते. प्रस्तुत पाठात त्यांचे जीवन पाहू.

धर्मबंधू म्हणजे कोण?

धर्मबंधू दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतो. त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा नसते, म्हणून तो मिस्सा अर्पण करू शकत नाही. स्वयंपाक, रुग्णसेवा, शिकवणे अशी कामे त्याच्याकडे असतात.

वसई ते मनिला

१५३४ पासून वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. येशूसंघीय धर्मगुरूंजवळ ते वसईत शिकले आणि किशोरवयात त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली व अनेक वर्षे धर्मशिक्षण दिले. येशूसंघात प्रवेश न मिळाल्याने त्यांनी व्यापार धरला. पुढे मनिला येथे व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले.

दुभाष्याचे काम

१५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे दूत म्हणून पाठवले. सोबत दुभाषी होते गोन्सालो. आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात बाजारात आजीचे मराठी बोलणे दुकानदाराला हिंदीत सांगणारा नातू दिसतो, तेच हे काम. फरक एवढाच की येथे एका शब्दाच्या चुकीने दोन राज्यांचे संबंध बिघडू शकत होते. या मंडळींनी क्योतो येथे चर्च बांधले व कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय चालवले.

शिक्षेची कारणे

१. हिदेयोशींनी १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी ढिली होती.

२. ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसा किनाऱ्यावर फुटले. मालाच्या जप्तीवरून वाद झाला आणि मिशनऱ्यांमागून स्पेनचे सैन्य येईल, हा संशय बळावला.

म्हणजे ठिणगी राजकीय होती. शिक्षेच्या हुकमात मात्र दोष नोंदवला तो दूत म्हणून येऊन मनाई असलेल्या धर्माचा प्रचार केल्याचा.

नागासाकी

क्योतोत २४ जणांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढली. ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर प्रवास करून त्यांना नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघे त्यांत धरले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. त्या प्रापंचिकांत लहान मुलेही होती.

दुभाष्याला एक सोय असते : ‘शब्द माझे नाहीत, मी फक्त पोचवले.’ या हुकमात संदेश देणारा आणि तो पोचवणारा असा भेद राहिला नाही. मिस्सा अर्पण करणारे फादर पेद्रो आणि तो अधिकार नसलेले ब्रदर गोन्सालो एकाच टेकडीवर मेले.

१६२७ मध्ये त्यांना धन्यवादित आणि ८ जून १८६२ रोजी संत घोषित करण्यात आले. वसईतील गास गावचे चर्च त्यांच्या नावाचे आहे.

विचारासाठी प्रश्न

एखाद्या शिक्षेमागे राजकीय संशय आणि श्रद्धा दोन्ही असतील, तर मरणाऱ्याला ‘श्रद्धेसाठी हुतात्मा’ म्हणावे का? शिक्षा देणाऱ्याचा हेतू आणि ती भोगणाऱ्याचा हेतू वेगवेगळे मांडून उत्तर लिहा.