जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका! लिनक्स टाकल्यावर ग्राफिक्स कार्ड असं चालू करा

किल्ले धारूर : मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वीचे चांगले चालणारे कॉम्प्युटरही एकदम ‘जुने’ ठरले. मुलांचा अभ्यास, परीक्षेचे फॉर्म, सातबारा, पीकविमा ही कामं त्याच मशीनवर होतात. नवं घ्यायचं म्हणजे हजारोंचा खर्च. म्हणून अनेक जण उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकतात. ते फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवर बरं चालतं.

मात्र काही ठिकाणी लिनक्स टाकल्यावर व्हिडिओ अडकतो, अक्षरं फार मोठी दिसतात किंवा स्क्रीन काळी पडते. मग ‘कार्ड गेलं’ असं समजून मशीन घेऊन बीड नाहीतर अंबाजोगाई गाठली जाते. बहुतेक वेळा कार्ड चांगलं असतं, अडचण असते ती ड्रायव्हरची.

ड्रायव्हर म्हणजे काय?

कार्ड आणि लिनक्स यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो नसला की चित्र काढण्याचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं आणि मशीन रडतखडत चालतं.

आधी कार्ड कोणतं ते बघा

उबंटूमध्ये ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘अबाउट’ उघडा आणि ‘ग्राफिक्स’समोर काय लिहिलंय ते वाचा. मिंटमध्ये ही माहिती ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मध्ये असते. तिथे ‘एलएलव्हीएमपाईप’ असं नाव दिसलं, तर कार्डाचा वापरच होत नाही, असं समजा.

इंटेल किंवा एएमडी असेल तर : वेगळं काही टाकायची गरज नसते. या दोघांचे ड्रायव्हर लिनक्समध्येच आलेले असतात. ‘सॉफ्टवेअर अपडेटर’ चालवून सगळे अपडेट घ्या आणि मशीन रिस्टार्ट करा.

एनव्हिडिया असेल तर : लिनक्स आधी ‘नूव्हो’ नावाचा मोफत ड्रायव्हर वापरतं. साध्या कामाला तो पुरतो, पण गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी कमी पडतो. एनव्हिडियाने आपल्या कार्डांची माहिती बरीच वर्षं खुली केली नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये जाहीर कार्यक्रमात या कंपनीला शिवी हासडली होती. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, पण तो नव्या कार्डांसाठी आहे. जुन्या कार्डांना कंपनीचा बंद ड्रायव्हरच लागतो.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर असा टाका

१. महत्त्वाच्या फाइल आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

२. ड्रायव्हर काही शे एमबीचा असतो. वायफाय नसेल तर मोबाईल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. दिवसाचा डेटा किती उरलाय ते आधी पाहा.

३. उबंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’, मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची यादी दिसेल.

४. ज्यापुढे ‘टेस्टेड’ किंवा ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तोच निवडा. नावात ‘सर्व्हर’ असलेला घेऊ नका.

५. ‘अप्लाय’ करा, काम पूर्ण होऊ द्या आणि मग रिस्टार्ट करा. मध्येच लाइट गेली तर काम अर्धवट राहतं. म्हणून लोडशेडिंगची वेळ टाळा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या.

कंपनीच्या वेबसाइटवरून फाइल उतरवून टाकायचा मोह टाळा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे मुख्य गाभा, अपडेट झाला की तसा टाकलेला ड्रायव्हर बंद पडू शकतो. यादीतून घेतलेल्या ड्रायव्हरची जुळणी लिनक्स स्वतः करून घेतं.

निळी स्क्रीन आली तर

मशीनमध्ये ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर काही वेळा ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. रिस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते. काही सेकंदांत बटण दाबून ‘एनरोल एमओके’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या. ही संधी हुकली तर ड्रायव्हर टाकूनही चालत नाही.

स्क्रीन काळीच राहिली तर

घाबरू नका, फॉरमॅटही मारू नका. मशीन चालू होताना ‘शिफ्ट’ दाबून धरा. नव्या पद्धतीच्या मशीनवर ‘एस्केप’ एकदा दाबा. मेनू आला की ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ‘रिकव्हरी मोड’ निवडा. लाइट गेल्याने काम अर्धवट राहिलं असेल तर तिथली ‘डीपीकेजी’ ही दुरुस्ती चालवा. नंतर ‘रिझ्यूम’ करा. स्क्रीन दिसू लागली की ड्रायव्हरच्या यादीत जाऊन परत ‘नूव्हो’ निवडा. लिनक्स टाकतानाच स्क्रीन काळी होत असेल तर उबंटूमध्ये ‘सेफ ग्राफिक्स’, मिंटमध्ये ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या.

फार जुनं कार्ड असेल तर

जीटी ६१० सारख्या कार्डांना ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो. त्याचा सपोर्ट कंपनीने २०२२ अखेर थांबवला. जीटी ७१० ला लागणाऱ्या ४७० मालिकेचा सपोर्टही २०२४ मध्ये संपला. अशा कार्डासाठी यादीत काही दिसलं नाही, तर ‘नूव्हो’वरच राहा. फॉर्म भरणं, टायपिंग, ऑनलाइन अभ्यास यासाठी तो पुरेसा आहे. मदरबोर्डवर इंटेलचं ग्राफिक्स असेल तर जुनं कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डला जोडूनही बघा.

शेवटी परत ‘अबाउट’ उघडा. तिथे कार्डाचं पूर्ण नाव दिसलं की ड्रायव्हर लागला. एवढं करूनही जमलं नाही, तरच मशीन दुकानात न्या. नेताना कार्डाचं नाव कागदावर लिहून न्या, म्हणजे चांगलं कार्ड बदलायची वेळ येणार नाही.