गाडीला ट्रॅकर बसवण्याआधी

कराडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पूर्वी लोक हॉर्न, हेडलाइट, सेल्फची कामं घेऊन यायचे. आता त्यांच्या जोडीला ‘गाडीला जीपीएस बसवायचाय’ म्हणणारेही येतात. बहुतेक जण पहिल्यांदा किंमत विचारतात. मी पहिल्यांदा विचारतो, कशासाठी बसवताय? चोरीची धास्ती असणाऱ्याची गरज वेगळी, ड्रायव्हरच्या ताब्यात गाडी देणाऱ्या मालकाची वेगळी आणि मुलगी नुकतीच एकटी गाडी चालवायला लागली आहे अशा आईवडिलांची वेगळी. ही गरज ठरली की निम्मी निवड तिथेच होते.

आधी हे यंत्र काय करतं ते समजून घ्या. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फक्त संदेश सोडत असतात. तुमची गाडी कुठे आहे हे त्यांना माहीत नसतं. गाडीतलं यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतं, ते पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतरं काढतं आणि आपली जागा स्वतःच ठरवतं. आपल्या इस्रोच्या ‘नाविक’ उपग्रहांचे संदेशही आता बरीच यंत्रं घेतात. पण जागा कळली तरी ती तुमच्या फोनपर्यंत आणण्याचं काम यंत्रातल्या सिम कार्डाचं. म्हणून ‘जीपीएस बंद पडलं’ अशी तक्रार येते तेव्हा मी आधी सिम बघतो. रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर त्या भागात त्या कंपनीची रेंज नसते.

बाजारातली स्वस्त यंत्रं अजूनही फक्त 2जीवर चालतात. जिओचं नेटवर्क सुरुवातीपासून 4जीचं आहे, त्यामुळे अशा यंत्रात ते सिम चालतच नाही. आज नवं घेणाऱ्याने 4जी यंत्रच घ्यावं आणि त्यात 2जीवर उतरण्याची सोय असेल तर उत्तम. आमच्याकडच्या गाड्या पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरतात. घाटात रेंज जाते. चांगलं यंत्र तेवढ्या वेळातल्या नोंदी पोटात साठवतं आणि रेंज आल्यावर पाठवून देतं, साधं यंत्र त्या विसरून जातं. दुकानदाराला हा प्रश्न सरळ विचारा.

आता बसवण्याचं. तीन प्रकार मिळतात. पहिला, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात खोचायचा. वायर कापावी लागत नाही, नवीन गाडीच्या वॉरंटीला धक्का लागत नाही. घरच्यांना गाडी कुठे आहे एवढंच कळायला हवं असेल तर हा पुरेसा आहे. पण चोरालाही ते सॉकेट माहीत असतं आणि उपटायला त्याला क्षणही लागत नाही. दुसरा, चुंबकाने चिकटवायचा आणि चार्ज करायचा. त्याची बॅटरी पुरावी म्हणून तो मधूनमधून जागा कळवतो, सतत नाही. तिसरा, वायरिंगमध्ये जोडायचा. चोरीसाठी आणि धंद्याच्या गाडीसाठी मी हाच सांगतो.

या तिसऱ्या प्रकाराला किमान तीन वायरी जोडाव्या लागतात: एक बॅटरीचा डायरेक्ट करंट, एक अर्थ आणि एक इग्निशनची. घाईत काम करणारे इग्निशनची वायर सोडून देतात. यंत्र चालू दिसतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मग रात्री दारात उभी असलेली गाडी नकाशावर थोडी इकडे, थोडी तिकडे सरकताना दिसते, कारण उपग्रहावरून काढलेल्या जागेत काही मीटरचा फरक पडतोच. इग्निशनची वायर जोडली असेल तर चावी बंद आहे हे यंत्राला कळतं आणि ते झोपेत जातं.

हे झोपणं फार महत्त्वाचं आहे. लहान गाडीला साधारण 35 ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते. यंत्र सतत 50 मिलिॲम्पिअर खेचत राहिलं तर दिवसाला 1.2 ॲम्पिअर-अवर जातात, पंधरवड्यात 18. म्हणजे गाडी दोन आठवडे उभी ठेवून गावाला गेलात तर निम्मी बॅटरी उतरलेली असते. बॅटरी जुनी असली तर सेल्फ घेणार नाही. त्यामुळे झोपेत यंत्र किती करंट घेतं, तो आकडा माहितीपत्रकात बघूनच घ्या.

जोडणी ट्रॅकरच्या स्वतःच्या फ्यूजमधून झाली पाहिजे. यंत्र डॅशबोर्डच्या आत, वर फक्त प्लॅस्टिक येईल अशा जागी, वरची बाजू आकाशाकडे करून बसवायचं. पत्र्याखाली दडवलं तर उपग्रहाचा संदेश पोचत नाही. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही हेच होतं, तिथे शेवटची जागाच दिसणार.

फोनवरून इंजिन बंद करण्याची सोय लोकांना फार आवडते. तिच्यासाठी फ्युएल पंपाच्या वायरीत रिले घालतात. धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकलाही जोर लागतो. हायवेवर यात माणसं मरू शकतात. गाडीचा वेग अगदी कमी झाल्यावरच पंप तोडणारं यंत्र असेल तरच ही सोय घ्या. घरच्या गाडीला मी ती बसवू नका असंच सांगतो.

यातली आणखी एक गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. जुलै 2022 मध्ये अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस एमव्ही 720 या चिनी ट्रॅकरबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यातल्या त्रुटींमुळे परक्या माणसाला गाडी कुठे आहे ते बघता येत होतं, इंधनही तोडता येत होतं. त्या यंत्राचा मूळ पासवर्ड 123456 होता. तुमच्या ॲपचा पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि बसवणाऱ्यालाही तो सांगू नका.

पिवळ्या पाटीच्या गाडीचा हिशोब वेगळा. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना केंद्राच्या नियमाने ट्रॅकर आणि संकटाचं बटण सक्तीचं झालं, रिक्षा त्यातून वगळल्या. तिथे ‘एआयएस 140’ मानकाचंच यंत्र चालतं. खासगी गाडीला सक्ती नाही. विम्याच्या सवलतीचं आमिष दाखवलं जातं, तर मोटार टॅरिफमधली ही सवलत ओन डॅमेज हप्त्याच्या अडीच टक्के आणि जास्तीत जास्त 500 रुपये आहे. तीही पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेलं यंत्र असेल आणि बसवल्याचं ऑटोमोबाइल असोसिएशनचं प्रमाणपत्र असेल तरच. तेवढ्यासाठी ट्रॅकर घेऊ नका.

पैसे देताना पहिल्या वर्षाच्या किमतीवर जाऊ नका. दुसऱ्या वर्षापासून सिमचे आणि ॲपचे किती, ते बिलावर लिहून घ्या. ड्रायव्हर असेल तर गाडीत ट्रॅकर आहे हे त्याला तोंडावर सांगा. घरातल्या मोठ्या माणसांवर तर न सांगता नजर ठेवूच नका. आणि गाडी खरंच चोरीला गेली तर तिच्या मागे स्वतः धावू नका. 112 वर फोन करा, जागा पोलिसांना दाखवा.

शेवटी, ट्रॅकरची खरी किंमत नकाशावर गाडी हलताना दिसण्यात नाही, कुणी तो तोडला की तुम्हाला लगेच कळण्यात आहे. त्यासाठी यंत्राच्या आत स्वतःची छोटी बॅटरी हवी. बसवून झालं की गाडी ताब्यात घेण्याआधी ट्रॅकरचा फ्यूज काढायला लावा आणि फोन हातात धरून थांबा. ‘वीज तोडली’ अशी सूचना मिनिटा-दोन मिनिटांत आली पाहिजे. ती आल्याशिवाय पैसे देऊ नका.