बेलापूर : एक नाव, दोन स्थानके

बेलापूर या नावाची दोन रेल्वे स्थानके महाराष्ट्रात आहेत. एक अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या खोऱ्यात. दुसरे नवी मुंबईत, पनवेलच्या खाडीजवळ. पहिल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. दुसऱ्यावर कित्येक उपनगरी गाड्यांचा प्रवास संपतो व तेथूनच तो पुन्हा सुरू होतो. नावापलीकडे दोहोंत काही साम्य नसावे, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु इतिहास पाहू लागले म्हणजे दोन्हीकडे एकच प्रश्न उभा राहतो. स्थानक गावासाठी असते, की गाव स्थानकासाठी?

प्रवरेकाठचे बेलापूर हे जुने गाव. मुंबईहून निघालेल्या जी. आय. पी. रेल्वेच्या दोन वाटा थळघाट आणि बोरघाट चढून दोन दिशांना गेल्या होत्या. त्या घाटमाथ्यावर एकमेकींस जोडण्यासाठी दौंड ते मनमाड हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याआधीच्या भीषण दुष्काळात याच कामावर अनेकांना मजुरी मिळाली होती. रूळ गावापासून काही अंतरावरून गेले. स्थानकास नाव मात्र बेलापूरचे मिळाले. पुढे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस डोलू लागला, आणि गूळसाखरेचा व्यापार स्थानकाभोवती जमला. त्या वस्तीचे शहर झाले, ते श्रीरामपूर. शहर श्रीरामपूर, तालुका श्रीरामपूर, परंतु स्थानकाचे नाव बेलापूर, असा हा प्रकार आहे. येथे आधी स्थानक झाले आणि शहर त्याच्या मागून, कोणी न ठरविता आले.

खाडीकाठी हीच गोष्ट ठरवून करण्यात आली. मुंबईवरील गर्दीचा भार हलका करण्यासाठी १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली आणि बेलापूर हे नव्या शहराचे कचेऱ्यांचे केंद्र म्हणून आखले गेले. पण चाकरमान्यास रोज वेळेवर पोचविणारी गाडी नसेल, तर रुंद रस्ते आणि उंच इमारती काय कामाच्या? म्हणून रेल्वेमार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोने व ३३ टक्के रेल्वेने उचलावा असे ठरले, आणि तिकिटावर थोडा अधिभारही बसविण्यात आला. मानखुर्दहून ठाण्याची खाडी ओलांडून गाडी १९९२ साली वाशीस पोचली व १९९३ साली बेलापूरला. तेव्हा ते या मार्गाचे अखेरचे स्थानक झाले.

अखेरचे स्थानक म्हणजे केवळ रुळांचा शेवट नव्हे. एंजिनाच्या गाडीस परतावयाचे असेल, तर एंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडावे लागते. विजेच्या उपनगरी गाडीस दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. चालक व गार्ड यांनी जागा बदलल्या, की पुच्छाचे मुख होते आणि काही मिनिटांत फलाट मोकळा होतो. एका गाडीने मात्र तेथे उशीर लावला, तर मागच्या सर्व गाड्या खोळंबतात. सबंध मार्गाचे वेळापत्रक असे या टोकाच्या चपळाईवर अवलंबून असते.

हे टोक फार दिवस टोक राहिले नाही. १९९८ साली उपनगरी गाडी पनवेलला गेली व बेलापूर वाटेवरचे स्थानक झाले. तरीही काही गाड्या तेथूनच माघारी वळत राहिल्या. येथून उरणच्या बाजूस निघालेली गाडी २०१८ साली खारकोपरपर्यंत व जानेवारी २०२४ मध्ये थेट उरणपर्यंत गेली. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही सुमारे ११ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली, तेव्हा बेलापूर पुन्हा एकदा अखेरचे स्थानक ठरले, या वेळी निराळ्या रुळांचे.

या सोयीची किंमत कोणी दिली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नवी मुंबई उभी राहिली ती आगरी आणि कोळी समाजाच्या गावांच्या शेतांवर व मिठागरांवर. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर भूमिपुत्रांस साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले.

प्रवरेकाठी गावाचे नाव स्थानकाने घेतले आणि भरभराट शेजारच्या नव्या वस्तीची झाली. खाडीकाठी गावाने नावाबरोबर जमीनही दिली. स्थानकामुळे शहरे वाढतात, हे दोन्ही बेलापुरांनी दाखविले आहे. त्या वाढीत मूळ गावकऱ्यास काय मिळाले, हा हिशेब मात्र प्रत्येक नवा मार्ग आखताना आधीच मांडला गेला पाहिजे. गाड्या धावू लागल्यावर तो मांडण्यास कोणास सवड होत नाही.