लेगो : काय बदललं, काय टिकलं?

‘लेगोत आता पूर्वीची मजा नाही,’ असं जुने हौशी म्हणतात. तक्रारीत तथ्य आहे. १९९९ साली ‘स्टार वॉर्स’चे संच आले. मग सिनेमांवरचे संच वाढत गेले. किल्ले, समुद्री चाचे या मालिका मागे पडल्या. २००४ मध्ये करड्या रंगाची छटाच बदलली. जुने-नवे ठोकळे एका भिंतीत विजोड दिसू लागले. २०२० पासून मोठ्यांच्या खोक्यांवर थेट ‘१८+’ छापलं जातं.

पण १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही घट्ट बसतो! म्हणून माझं मत: ५,९२२ तुकड्यांचा २००८ चा ताजमहाल परवडत नसेल, तर सुटे ठोकळे जमवा आणि आपल्या जयसिंगपूरच्या सरळ, काटकोनी गल्ल्या उभारा.

तुमची आवडती मालिका कोणती?